हात चुकला की काडतूस?

अडीच ग्रॅमची शिशाची गोळी, पंचवीस मीटरवरचं लक्ष्य आणि हाती मोजके सेकंद. पिस्तूल नेमबाजीत पदक कशावर ठरतं? महागड्या परदेशी काडतुसावर, की ते झाडणाऱ्या हातावर?

जबलपूर म्हटलं की मराठी माणसाला आधी भेडाघाटचे संगमरवरी कडे आठवतात आणि नर्मदेचा धुवाधार धबधबा. इतिहासाची आवड असलेला आणखी एक गोष्ट सांगेल. १७९८ ते १८१७ या काळात या भागावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. विनोबांनी या शहराला ‘संस्कारधानी’ म्हटलं, ते नावही इथल्या लोकांनी अभिमानाने जपलं आहे.

संरक्षण खात्याच्या लेखी मात्र जबलपूरची ओळख वेगळीच. १९०४ साली इथं गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळा कारखाना आला. ‘धनुष’ ही १५५ मिलिमीटरची तोफ याच शहरात घडते. तिचा एकेक गोळा चाळीस किलोहून जड! २०२१ साली आयुध कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा खमरियाचा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेला.

तोफा आणि दारूगोळ्याच्या अशा गावात एखाद्या घरातली मुलगी पिस्तूल नेमबाजी शिकू लागली, तर आईवडिलांना वाटेल, दारूगोळ्याची काय चिंता? पण तिला लागणारं काडतूस करंगळीच्या दोन पेरांएवढंही नसतं. आणि ते कोणतं घ्यायचं, यावर भले भले प्रशिक्षकही डोकं खाजवतात.

पॉइंट टू-टूची कुळकथा

या काडतुसाला बोलीभाषेत ‘पॉइंट टू-टू’ म्हणतात. पूर्ण नाव .२२ लाँग रायफल. नावात रायफल असली तरी ते पिस्तुलातही चालतं. अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने १८८७ मध्ये ते बाजारात आणलं. गोळीचं वजन साधारण २.६ ग्रॅम, जाडी ५.६ मिलिमीटर.

मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक टोपी असते. तिच्यावर आघात झाला की दारू पेटते. पॉइंट टू-टूला अशी टोपीच नसते. पितळी पुंगळीच्या बुडाची कडा पोकळ असते आणि ठिणगी देणारं मिश्रण त्या कडेत पसरलेलं असतं. पिस्तुलाची फायरिंग पिन ही कडा चेपते आणि बार उडतो. म्हणून याला ‘रिमफायर’ म्हणजे कडेवर पेटणारं काडतूस म्हणतात.

मिश्रण त्या कडेत सगळीकडे सारखं पसरलं नसेल तर एखादं काडतूस फुसकं निघतं किंवा कमी जोराने सुटतं. दुसरं असं की मोठ्या काडतुसाची रिकामी पुंगळी पुन्हा भरता येते. दारूचा दाणा न् दाणा मोजून आपल्या बंदुकीला मानवेल असं काडतूस घरी तयार करणारे नेमबाज जगात पुष्कळ आहेत. पॉइंट टू-टूची कडा एकदा चेपली की पुंगळी भंगारात! कारखान्याने जे दिलं त्यातून नेमबाजाला निवड तेवढी करता येते.

सगळी मिजास महागड्या डबीची?

नेमबाजीच्या जगात काही नावं दबदबा असलेली. इंग्लंडात बर्मिंगहॅमची एली, जर्मनीत शोनेबेक इथं तयार होणारी लापुआ आणि एसके, तिथलीच आरडब्ल्यूएस. प्रत्येक कंपनीची सरावाची स्वस्त आणि सामन्याची महाग अशी वेगवेगळी काडतुसं असतात. काहींच्या डबीवर खास ‘पिस्तूल’ असं छापलेलंही असतं. आपल्या सरकारी कारखान्यांचीही पॉइंट टू-टू काडतुसं असतात.

यातली कोणती चांगली? इथं थोडा हिशेब मांडलेला बरा.

समजा गोळी सेकंदाला ३०० मीटर वेगाने सुटली. पंचवीस मीटर जाईपर्यंत ती सुमारे ३४ मिलिमीटर खाली येते. पिस्तूल साधताना ही घट धरलेलीच असते. आता त्याच डबीतलं पुढचं काडतूस थोडं मंद निघालं आणि गोळी २९० च्या वेगाने गेली. फरक पडेल तो जेमतेम अडीच मिलिमीटरचा. पंचवीस मीटरच्या अचूकतेच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं असतं. त्यात अडीच मिलिमीटर म्हणजे फार नव्हे.

आता हाताचा हिशेब. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला माशी असते आणि मागे खाच. नियमानुसार दोन्हींतलं अंतर २२० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. माशी खाचेच्या मध्यावरून फक्त अर्धा मिलिमीटर सरकली, तर गोळी लक्ष्यावर ५७ मिलिमीटर दूर लागते. म्हणजे दहाऐवजी आठच गुण! अर्धा मिलिमीटर म्हणजे पोस्टकार्डाच्या एक-दोन जाडींएवढा फरक. चाप ओढताना मनगट किंचित आवळलं तरी तो पडतो.

मुलाचे गुण घसरले की डबी बदलायला धावणाऱ्या पालकांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत. अडीच मिलिमीटर काडतुसाचे, सत्तावन्न हाताचे.

मग काडतूस कसंही चालेल?

मुळीच नाही! पंचवीस मीटरच्या पिस्तुलाला काडतुसाकडून पहिली अपेक्षा असते ती दर वेळी चालण्याची.

हे पिस्तूल अर्धस्वयंचलित असतं. गोळी सुटल्याच्या धक्क्यानेच आतला भाग मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि मॅगझीनमधलं पुढचं काडतूस नळीत ढकलतो. काडतूस फार सौम्य असेल तर हा भाग पुरता मागे जात नाही, पुंगळी अडकून बसते. फार जोरदार असेल तर पिस्तुलाला हादरे बसतात, हात जास्त उसळतो आणि पुन्हा नेम धरायला वेळ लागतो. म्हणूनच सामन्याच्या पिस्तुलांसाठी ‘स्टँडर्ड’ वेगाची काडतुसं वापरतात. ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेली डबी पाहून कुणी भुलू नये. कागदाला भोक पाडायला जास्त जोर लागत नाही.

महिलांच्या २५ मीटर पिस्तूल स्पर्धेत ६० गोळ्या असतात. पहिल्या ३० सावकाश, अचूकतेच्या. उरलेल्या ३० शीघ्र नेमाच्या. या टप्प्यात हात खाली ४५ अंशांवर धरायचा, लक्ष्य तीन सेकंद दिसतं तेवढ्यात हात उचलून एक गोळी, मग सात सेकंद थांबायचं. अशा वेळी काडतूस फुसकं निघालं तर? पिस्तूल लक्ष्याकडेच ठेवून दुसरा हात वर करायचा आणि अधिकाऱ्याला बोलवायचं. दोष खरा असेल तर पुन्हा संधी मिळते, पण अशी सवलत मोजकीच असते. घाबरून स्वतःच पिस्तूल उघडलं की हक्क गेला आणि न सुटलेल्या गोळीला शून्य! पुन्हा संधी मिळाली तरी धडधडणाऱ्या छातीला कोण समजावणार?

राहीची ती साठ काडतुसं

अशा काडतुसांवर काय काय अवलंबून असतं, ते कोल्हापूरच्या राही सरनोबतने दाखवलं. २०१३ मध्ये कोरियात चांगवॉन इथं तिने २५ मीटर पिस्तुलात विश्वचषकाचं सुवर्ण जिंकलं. पुढे कोपराच्या दुखापतीने तिला दूर ठेवलं. तिने मंखबायार दोर्जसुरेन या नावाजलेल्या प्रशिक्षिकेकडे नव्याने धडे घेतले.

२२ ऑगस्ट २०१८, इंडोनेशियातलं पालेम्बांग. आशियाई स्पर्धेची अंतिम फेरी. या फेरीत १०.२ किंवा त्याहून चांगला नेम लागला तरच एक गुण, नाहीतर शून्य. पन्नास गोळ्यांनंतर राही आणि थायलंडची नफस्वान यांगपाइबून, दोघींचे ३४ गुण. जादा पाच गोळ्या झाल्या, दोघींचे चार-चार! पुन्हा पाच. राहीचे तीन लागले, प्रतिस्पर्धीचे दोन. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. अंतिम फेरीच्या साठ गोळ्यांमध्ये एका गोळीचा फरक.

मध्य प्रदेशनेही असाच थरार अनुभवला आहे. मार्च २०२१ मध्ये दिल्लीच्या विश्वचषकात भोपाळच्या राज्य अकादमीतली चिंकी यादव आणि राही यांची बरोबरी झाली. जादा फेरीत चिंकीने बाजी मारली, राहीला रौप्य आणि मनू भाकरला कांस्य. तिन्ही पदकं भारताची! चिंकीचे वडील भोपाळच्या तात्या टोपे स्टेडियममध्ये इलेक्ट्रिशियन.

नियमांनीही काडतुसाचं महत्त्व ओळखलं आहे. पुरुषांच्या रॅपिड फायर पिस्तुलात पूर्वी .२२ शॉर्ट हे हलकं, कमी धक्क्याचं काडतूस चालायचं. २००५ पासून तिथं लाँग रायफल सक्तीचं झालं. गोळी किमान २.५३ ग्रॅमची हवी आणि सरासरी वेग सेकंदाला किमान २५० मीटर. जुनी पिस्तुलं मोठ्या सामन्यांसाठी बाद झाली. सराव नव्याने करावा लागला. लष्कराच्या महू इथल्या केंद्रात तयार झालेल्या विजयकुमारने २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये याच नव्या नियमांखाली रौप्यपदक मिळवलं.

निवड कशी करावी?

दोन पिस्तुलं एकाच कंपनीची, एकाच दिवशी घेतलेली असली तरी एकाला मानवलेलं काडतूस दुसऱ्याला मानवेलच असं नाही. नळीचा आतला घेर, काडतूस बसण्याची जागा, आतल्या स्प्रिंगचा ताण यांत सूक्ष्म फरक असतात. म्हणून मैत्रिणीला पदक मिळवून देणारी डबी आपल्याला लाभेल, असं समजू नये.

आपल्या क्लबच्या रेंजवर प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली परीक्षा घ्यावी. पिस्तूल वाळूच्या उशीवर टेकवून पंचवीस मीटरवरून झाडायचं, म्हणजे हाताची चूक कमी होते. तीन-चार प्रकारची काडतुसं घ्यायची. प्रकार बदलला की आधीच्या गोळ्यांचं वंगण नळीत उरलेलं असतं, म्हणून सुरुवातीच्या गोळ्या मोजायच्या नाहीत. मग प्रत्येक प्रकारच्या दहा-दहा गोळ्यांच्या निदान तीन फेऱ्या झाडून सगळ्यांत दूरच्या दोन भोकांमधलं अंतर वहीत लिहायचं. एकाच सुंदर फेरीवर भाळायचं नाही. ती योगायोगाची असू शकते.

त्याच वहीत काडतूस कितीदा अडकलं, तेही लिहावं. वीस मिलिमीटरचा पुंजका देणारं पण मधूनच अडकणारं काडतूस आणि तीस मिलिमीटरचा पुंजका देणारं पण कधीच न अडकणारं काडतूस, यांतलं दुसरं निवडावं. तीस मिलिमीटरही दहाच्या वर्तुळात आरामात बसतात.

डबीवर लॉट नंबर छापलेला असतो. एकाच नावाच्या काडतुसात लॉट बदलला की वागणूक बदलू शकते. म्हणून निवड झाल्यावर हंगामाला पुरतील एवढी काडतुसं, परवान्याच्या मर्यादेत, एकाच लॉटची घ्यावीत. पन्नास मीटरच्या रायफल नेमबाजांना ही काळजी फार घ्यावी लागते. अंतर दुप्पट झालं की गोळीची घट चौपट होते. काही कंपन्या तर नेमबाजाची स्वतःची रायफल मागवून तिच्यावर वेगवेगळे लॉट झाडून दाखवतात.

सरावाला स्वस्त आणि सामन्याला महाग, हा मध्यमवर्गीय मार्ग चुकीचा नाही. मात्र दोन्हींच्या गोळ्या एकाच जागी लागतात का आणि हाताला धक्का सारखाच जाणवतो का, हे आधी पाहावं.

घरातल्या माणसांसाठी

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार पिस्तूल आणि काडतुसं दोन्हींना परवाना लागतो आणि खरेदीचा हिशेब ठेवावा लागतो. घरात दोन्ही वेगवेगळ्या जागी, कुलपात ठेवावीत. गोळीवर मेणासारखं वंगण असतं. सुटी काडतुसं खिशात टाकली की त्याला धूळ चिकटते. उन्हाळ्यात जबलपूर काय, नागपूर काय, बंद मोटारीची भट्टी होते, तिथं डबी विसरू नये. चाप ओढूनही बार उडाला नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून तीस सेकंद थांबावं. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची गोळी झाडण्याआधी नळीत काही अडकलंय का, ते प्रशिक्षकांकडून तपासून घ्यावं. आणि रेंजवरून आल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय खाऊ नये. शिसं पोटात जाणं वाईट.

भारतीय नेमबाजी संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून दर वर्षी मुलंमुली राष्ट्रीय स्पर्धेची पात्रता मिळवू पाहतात. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या घरी काडतुसांचा खर्च महिन्याच्या हिशेबात बसवताना ओढाताण होत असेल. त्या आईवडिलांना एवढंच सांगता येईल की सर्वांत महाग डबी न आणल्याने मुलाचं पदक हुकत नाही. पिस्तुलाला मानवणारी, न अडकणारी डबी एकदा शोधावी आणि उरलेले पैसे सरावाच्या गोळ्यांवर खर्च करावेत. ते सत्तावन्न मिलिमीटर सरावानेच कमी होतात.