बातमी कशाला म्हणावे?

मराठीतले पहिले वृत्तपत्र बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केले आणि त्याला नाव दिले ‘दर्पण’. नाव मोठे अर्थपूर्ण होते. समोर जे येईल ते आरसा दाखवितो. तो सुंदराची खुशामत करीत नाही आणि कुरूपाला वगळीत नाही. वृत्तपत्राने असेच असावे, ही अपेक्षा त्या नावात होती आणि आजही वाचकाची नि श्रोत्याची तीच अपेक्षा असते. परंतु वृत्तपत्राच्या कचेरीत प्रत्यक्ष जे काम चालते, ते आरशापेक्षा चाळणीच्या कामाशी अधिक जुळते. दिवसभरात असंख्य गोष्टी घडतात. त्यांतल्या मोजक्या चाळणीतून खाली उतरतात आणि बाकीच्या वर राहतात. जे खाली उतरते त्याला आपण बातमी म्हणतो. जे वर राहिले त्याचे नावही आपल्या कानी येत नाही. तेव्हा या चाळणीची भोके केवढी आहेत आणि ती कोणी पाडली, हे जाणून घेणे आपल्या हिताचे आहे.

निवड टाळता येत नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. दहा मिनिटांच्या बातमीपत्रात हजार-बाराशे शब्दांपलीकडे काही मावत नाही आणि वृत्तपत्राचे पहिले पान एकच असते. डेव्हिड मॅनिंग व्हाइट या अमेरिकन अभ्यासकाने १९५० साली एक मनोरंजक पाहणी प्रसिद्ध केली. तेथील एका वृत्तपत्रात तारेने येणाऱ्या बातम्या निवडणाऱ्या संपादकाला त्याने विनंती केली, की आठवडाभर जी जी बातमी तुम्ही बाजूला टाकाल तिच्यावर टाकण्याचे कारण लिहून ठेवा. हिशेब केला तेव्हा आलेल्या मजकुराचा जेमतेम दहावा हिस्सा छापला गेला होता. नाकारण्याची कारणे तर फारच बोलकी होती. कित्येक ठिकाणी ‘जागा नाही’ एवढेच लिहिले होते आणि कित्येक ठिकाणी त्या गृहस्थाची स्वतःची आवडनिवड स्पष्ट दिसत होती. व्हाइटने या माणसाला द्वारपाल म्हटले. द्वारपाल प्रामाणिक असला तरी तो माणूसच असतो.

हा द्वारपाल कोणत्या कसोट्या लावतो, हे पाहण्यासाठी आपण एकच शहर घेऊ या. ते शहर बंगळूर. वृत्तप्रसाराच्या इतिहासात त्या प्रदेशाला मानाचे स्थान आहे. ‘आकाशवाणी’ या नावाचा माग शेजारच्या म्हैसूरला जातो, प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली तेथे आपले खासगी नभोवाणी केंद्र याच नावाने चालविले होते. ‘डेक्कन हेरल्ड’ हे इंग्रजी आणि ‘प्रजावाणी’ हे कन्नड, अशी दोन दैनिके १९४८ साली बंगळुरातूनच निघाली. मराठी माणसालाही ते नगर परके नाही. शहाजीराजांची जहागीर तेथे होती. गेल्या काही वर्षांत या एका शहरात घडलेल्या तीन घटनांनी बातमीच्या तीन मुख्य कसोट्या पारखून पाहिल्या आहेत.

पहिली कसोटी जवळिकीची. आपल्या गल्लीतील अपघात आपल्याला परदेशातील भूकंपापेक्षा मोठा वाटतो, हा मनुष्यस्वभाव आहे. परंतु ही जवळीक नेहमीच कोसांवर मोजता येत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळुरातील सदाशिवनगर भागातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर काळा रंग टाकण्यात आला. कर्नाटकाच्या विधिमंडळाचे अधिवेशन त्या वेळी बेळगावात चालू होते आणि सीमाप्रश्नावरून वातावरण आधीच तापलेले होते. बेळगाव बंगळुरापासून सुमारे ५०० किलोमीटर दूर, पण या वृत्ताला ते अंतर कापायला घटकाभरही लागला नाही. त्याच्या पाठोपाठ बेळगावात संगोळ्ळी रायण्णा यांच्या पुतळ्याची नासधूस झाली, गाड्यांवर दगड पडले आणि जमावबंदीचा हुकूम निघाला.

ही बातमी होती काय? निःसंशय होती. ती दडपली असती तर तिची जागा कर्णोपकर्णी फिरणाऱ्या गोष्टींनी घेतली असती. परंतु बातमी देण्याचा निर्णय झाला म्हणजे संपादकाचे काम संपले, असे नाही. तिचा कर्ता कोण, हे त्याला ठरवावे लागते. ‘काही इसमांनी पुतळ्याची विटंबना केली’ हे एक वाक्य. ‘कन्नडिगांनी विटंबना केली’ हे दुसरे वाक्य. पहिल्यात गुन्हा आहे. दुसऱ्यात एक सबंध समाज आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला आहे. रायण्णांच्या पुतळ्याच्या बाबतीत हेच दुसरे वाक्य मराठी माणसांविषयी लिहिता येते आणि ते वाचून आपल्या जिवाला काय वाटते, याची कल्पना करून पाहावी. दोन्ही ठिकाणी पोलिसांनी काही जणांना अटक केली. अपराधी मोजके होते. हातात रंगाचा डबा नसलेली लाखो माणसे दोन्ही भाषांत त्या दिवशी आपापल्या कामाला गेली होती. त्यांची बातमी होत नाही आणि होणेही शक्य नाही. पण ती आहेत, याचे भान मथळा लिहिणाऱ्याने ठेवावे लागते.

स्वतंत्र भारतातील पहिला वृत्तपत्र आयोग १९५२ साली न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. व्यवसायाने आपले आचरण आपणच राखावे म्हणून एक मंडळ असावे, अशी त्याने शिफारस केली आणि १९६६ साली प्रेस कौन्सिल स्थापन झाली. जातीय नि सामाजिक तणावाच्या वेळी मथळे संयमाने लिहावेत, हा तिच्या आचारनियमांतील वारंवार आलेला आग्रह आहे. जवळिकीची कसोटी वाचकाचे लक्ष वेधून घेते. तिला न्यायबुद्धीची जोड नसेल तर तीच कसोटी कलह पेटविते.

दुसरी कसोटी आकस्मिकतेची. बंगळूरच्या आग्नेयेस बेळ्ळंदूर नावाचा विस्तीर्ण तलाव आहे. क्षेत्रफळ सुमारे ९०० एकर. शहरातील तलावांत सर्वांत मोठा. त्याचे पाणी पुढे वर्तूर तलावात आणि तेथून दक्षिण पिनाकिनी नदीत जाते. एके काळी या पाण्यावर आसपासची शेती पिकत असे, मासेमारी होत असे. शहर वाढले, तसे मैल्याचे नि कारखान्यांचे पाणी प्रक्रियेवाचून तलावात येऊ लागले. साबणाच्या द्रव्यांनी फेसाचे डोंगर उठू लागले. तळाच्या गाळात कुजणाऱ्या पदार्थांतून ज्वालाग्राही वायू निघू लागला. मे २०१५ मध्ये तलावाने पेट घेतला. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुन्हा तेच झाले आणि जानेवारी २०१८ मधील आग विझविण्यासाठी लष्कराचे सुमारे ५,००० जवान कामाला लागले.

पाणी पेटले! याहून मोठी बातमी कोणती? देशोदेशीच्या वृत्तपत्रांत ती छापून आली आणि त्यात वावगे काही नव्हते. पण प्रश्न असा, की तलाव कधी मेला? ज्या दिवशी पेटला त्या दिवशी खचित नाही. तो दशकानुदशके मरत होता. बंगळूरचे तलाव कसे राखावेत याविषयी एन. लक्ष्मण राव यांच्या समितीने १९८०च्या दशकातच शिफारशी केल्या होत्या. भारतीय विज्ञान संस्थेतील टी. व्ही. रामचंद्र आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे पाण्याचे नमुने तपासून अहवाल लिहीत होते. म्हणजे माहिती होती, जाणकार होते आणि धोकाही होता. फक्त ‘आज’ असे काही घडत नव्हते. काल जेवढा मैला तलावात आला तेवढाच आज आला, यात मथळा कोठून काढावा?

योहान गाल्टुंग आणि मारी रूगे या नॉर्वेच्या दोन अभ्यासकांनी १९६५ साली या प्रश्नाची शास्त्रीय मांडणी केली. परदेशांतील तीन पेचप्रसंगांची वृत्ते नॉर्वेच्या वृत्तपत्रांनी कशी दिली, हे तपासून बातमीची निवड ठरविणारे बारा घटक त्यांनी सांगितले. त्यांतील पहिलाच घटक काळाच्या लयीचा आहे. वृत्तपत्र रोज निघते. म्हणून एका दिवसात सुरू होऊन एका दिवसात संपणारी घटना त्याला सोयीची पडते. खून, आग, राजीनामा या घटना दैनिकाच्या मापाच्या आहेत. जमिनीतील पाणी खाली जाणे, शाळेतील मुलांची गळती, तलावात मैला साचत जाणे यांचे माप वेगळे. ती दैनिकाच्या पानात मावत नाहीत. कुत्रा माणसाला चावला तर ती बातमी नव्हे, माणूस कुत्र्याला चावला तर बातमी, हे वचन प्रत्येक नवशिक्या बातमीदाराला ऐकविले जाते. वचन चतुर आहे, पण त्यात एक खोट आहे. कुत्र्याला चावणारा माणूस हा एखादाच विक्षिप्त असतो. त्याच्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही. गावात रोज दहा जणांना कुत्री चावत असतील आणि दवाखान्यात लस नसेल, तर ती गोष्ट नेहमीची असूनही प्राणांशी गाठ घालणारी आहे. ‘नेहमीचेच आहे’ हे बातमी नाकारण्याचे कारण न होता, कधी कधी तेच बातमीचे मर्म असते.

बेळ्ळंदूरच्या आगीने एक गोष्ट मात्र सिद्ध केली. वृत्तपत्रांतील वृत्तांची राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली स्वतःहून दखल घेतली आणि तलावात येणाऱ्या घाणीविषयी सरकारी यंत्रणांना जाब विचारला. बातमीत केवढे बळ असते ते यावरून दिसते. हेच बळ आग लागण्यापूर्वी वीस वर्षे वापरले गेले असते तर, हा विचार त्यापाठोपाठच मनात येतो. चांगला बातमीदार ज्वाळांची वाट पाहत नाही. तो दरवर्षी त्याच तलावावर जातो, तोच प्रश्न त्याच कचेरीत विचारतो, आणि मागच्या वर्षीचा आकडा या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवतो. दोन आकडे शेजारी ठेवले की जी संथ होती ती गोष्ट एकाएकी डोळ्यांत भरते.

तिसरी कसोटी सत्याची, आणि ती वाटते तितकी सोपी नाही. जुलै २०१२ मध्ये आसामच्या कोक्राझार भागात दंगली झाल्या. ऑगस्टमध्ये मोबाइलवरून संदेश फिरू लागले, की दक्षिणेतील ईशान्य भारतीयांवर रमजान संपताच हल्ले होणार. बंगळुरात शिकणारे, उपाहारगृहांत नि दुकानांत पहारा देण्याचे काम करणारे हजारो तरुण १५ ऑगस्टपासून रेल्वे स्थानकावर लोटले. गुवाहाटीकडे खास गाड्या सोडाव्या लागल्या. पुण्यातूनही अशीच माणसे निघाली. सरकारने एकगठ्ठा संदेश पाठविण्यावर देशभर पंधरा दिवस बंदी घातली. ज्या सामूहिक हल्ल्याच्या भयाने बंगळूर सोडून माणसे पळाली, तो हल्ला तेथे झाला नाही.

आता संपादकाच्या जागी स्वतःला कल्पून पाहा. अफवा खोटी आहे. म्हणून ती बातमी नव्हे. परंतु स्थानकावरील गर्दी खरी आहे. ती बातमी आहेच. ती दिली तर घरी राहिलेला तरुण म्हणेल, ‘एवढे लोक निघाले, मग मीच का थांबू?’ न दिली तर अफवेला मोकळे रान मिळेल. वृत्त देणे हेच वृत्तातील घटना वाढविण्याचे कारण होते, असा हा पेच आहे.

यातून सुटण्याची वाट वाक्यांच्या क्रमात आहे, हे नभोवाणीचा वृत्तनिवेदक अनुभवाने जाणतो. वृत्तपत्राचा वाचक मागे वळून पुन्हा वाचू शकतो. श्रोत्याला ती सोय नाही. त्याच्या मनात पहिले वाक्य ठसते आणि अर्धे बातमीपत्र तो काम करता करता ऐकतो. ‘बंगळुरातून हजारोंचे पलायन’ असे आधी सांगून ‘हल्ल्याची एकही घटना घडलेली नाही’ हे शेवटी सांगितले, तर दोन्ही वाक्ये खरी असूनही श्रोत्याच्या पदरात भीतीच पडते. ‘हल्ल्याच्या अफवा निराधार असल्याचे पोलिसांनी सांगितले, तरीही भयभीत झालेले हजारो लोक गावी परतत आहेत’ असे म्हटले, तर तीच माहिती माणसाला सावध करते. अर्थात, पोलिसांचा शब्द घेऊन बसणेही पुरेसे नाही. बातमीदाराने वस्तीत जाऊन, दार ठोठावून, खरोखर कोणावर हात पडला काय, याची चौकशी केली असेल तरच त्या पहिल्या वाक्याला वजन येते.

जवळीक, आकस्मिकता आणि सत्य या तिन्ही कसोट्या आवश्यक आहेत. त्या टाकून देऊन वृत्तपत्र चालणार नाही. पण बंगळुरातील तिन्ही घटना पाहिल्यावर ध्यानात येते, की प्रत्येक कसोटीमागे एक प्रश्न उभा असतो आणि तो विचारणे संपादकाला चुकत नाही: ही गोष्ट सांगितल्याने किंवा न सांगितल्याने कोणाचे काय होणार आहे? पुतळ्याच्या बातमीत तो प्रश्न शेजाऱ्याविषयी असतो, तलावाच्या बातमीत पुढल्या पिढीविषयी आणि अफवेच्या बातमीत वसतिगृहाच्या खोलीत एकट्या बसलेल्या परगावच्या मुलाविषयी. बातमी निवडणे हे कसब आहे. पण ते माणसांच्या जिवाशी निगडित असलेले कसब आहे.

आणि श्रोतेहो, चाळणी केवळ संपादकाच्या हाती नसते. आता बातमी आपल्या हातातील यंत्रावर येते आणि ती पुढे धाडावी की नाही, हे आपण घडीभरात ठरवितो. २०१२ सालची अफवा कोणा वृत्तसंपादकाने पसरविली नव्हती. ती साध्या माणसांनी आपल्या आप्तांच्या काळजीपोटी एकमेकांना पाठविली होती. जो संदेश पुढे पाठवितो तो त्या क्षणी द्वारपालच होतो. मग कर्ता कोण, हे आधीपासून चालत आले होते काय, आणि कोणी स्वतः पाहिले आहे काय, एवढे तीन प्रश्न त्यानेही स्वतःला विचारावेत.