स्वतःच्याच पोटावरचे प्रयोग

थायरॉइड ग्रंथी मंदावली की आतडीही मंदावतात: पोट साफ होत नाही, गॅस धरतो. ग्रंथी जास्त काम करू लागली तर उलट वारंवार शौचाला जावे लागते. त्यामुळे थायरॉइड आणि पोट या दोन्ही तक्रारी अनेकदा एकाच माणसाच्या वाट्याला येतात. औषध चालू असूनही बरे वाटेना झाले की घरगुती प्रयोग सुरू होतात. गहू बंद, दूध बंद, केसांसाठी बायोटिन, कोणी सांगितले म्हणून सेलेनियम. प्रयोग करण्यात गैर काही नाही; चुकतो तो बहुधा क्रम आणि वेळ.

कांदा बाधायचा असेल तर तो काही तासांत किंवा फार तर दुसऱ्या दिवशी बाधतो. थायरॉइडचा कारभार सावकाशीचा. थायरॉइडच्या लेव्होथायरॉक्सिन या गोळीचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे ७ दिवस लागतात, म्हणून मात्रा बदलल्यावर ग्रंथी मंद असेल तर वाढणारे टीएसएच रक्तात पुन्हा तपासतात ते ६ ते ८ आठवड्यांनी. तिसऱ्याच दिवशी वाटणाऱ्या उत्साहाचे श्रेय नव्या गोळीला देणे घाईचे ठरते.

ही गोळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्ध्या ते एक तासाने न्याहारी करायची. प्रत्यक्षात गोळीपाठोपाठ कॉफी येते, मग कॅल्शियम, लोहाची गोळी आणि इसबगोल. कॅल्शियम आणि लोह हे औषधाला आतड्यातच अडकवून ठेवतात. ही गोळी आणि त्यांच्यात ४ तासांचे अंतर हवे. ते न पाळल्यास टीएसएच वाढते, डॉक्टर मात्रा वाढवतात. पुढे कंटाळून कॅल्शियम सोडले की तीच मात्रा जास्त होते आणि छाती धडधडू लागते.

बायोटिन तर ग्रंथीला हातही न लावता चाचणीलाच फसवते. प्रौढाची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम. केसांसाठीच्या गोळ्यांत ते ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट असते. अनेक चाचणीसंचांची रचनाच बायोटिनच्या चिकटण्यावर उभी असते. रक्तात ते भरपूर असले की टीएसएच खोटेच कमी आणि टी-४ खोटेच जास्त दिसू शकते. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. रक्त देण्याआधी किमान २ दिवस ही गोळी थांबवावी.

गव्हाच्या बाबतीत घाई नडते. हाशिमोटो प्रकारचा थायरॉइड विकार असलेल्यांत गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा सीलिएक आजार इतरांपेक्षा जास्त आढळतो, तेव्हा गव्हावर संशय रास्तच. पण सीलिएकची रक्तचाचणी पोटात गहू जात असेल तरच भरवशाची. काही महिने पोळी सोडून मग तपासणी केली तर आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो, आणि निदानासाठी पुन्हा पोळ्या खाण्याची वेळ येते. सीलिएक नसलेल्यांनाही गहू सोडून आराम पडतो, मात्र दोष ग्लुटेनचाच असेल असे नाही. नॉर्वेत ५९ जणांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ग्लुटेनपेक्षा गव्हातल्याच फ्रुक्टान या कर्बोदकाचा त्रास जास्त दिसला. कांदा-लसणातही फ्रुक्टान असते. कांदेनवमीनंतर चातुर्मास पाळणाऱ्या घरांत कांदा-लसूण सोडण्याचा हा प्रयोग आपसूकच होतो. वहीत उतरवून मात्र कोणी ठेवत नाही. फ्रुक्टान तेलात उतरत नाही, म्हणून लसणाच्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या तर फोडणीचा वास तेवढा राहतो.

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाच्या फॉडमॅप पद्धतीत फ्रुक्टानसारखी कर्बोदके असलेले पदार्थ २ ते ६ आठवडे वर्ज्य करून मग एकेक परत आणायचे असतात. लोक वर्ज्य करतात उत्साहाने, परत आणायचे राहून जाते. खरी माहिती मिळते ती तिथेच.

सेलेनियमची रोजची गरज ५५ मायक्रोग्रॅम, वरची मर्यादा ४००. २००८ मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पूरकात लेबलावरच्या आकड्याच्या सुमारे २०० पट सेलेनियम निघाले आणि २०१ जणांना बाधा झाली: जुलाब, थकवा, केस गळणे. थायरॉइडच्याच वाटाव्यात अशा या तक्रारी. समुद्रशेवाळाच्या गोळ्यांतले जादा आयोडीनही आधीच मंद झालेल्या ग्रंथीला आणखी मंद करू शकते.

एका वेळी एकच बदल करावा आणि तारखेसह लिहून ठेवावा. शौचातून रक्त, विनाकारण घटणारे वजन, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा गर्भारपण असेल तर घरचे प्रयोग करू नयेत. आणि डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या डब्या-बाटल्या पिशवीत घालून न्याव्यात, केसांच्या गोळ्यांसकट.