सरळांबेला पडला तो पूल नव्हता

समृद्धी महामार्ग बीड जिल्ह्यातून जात नाही. तरी शहापूरजवळच्या सरळांबे गावात त्याच्या कामावर ३१ जुलै २०२३ च्या रात्री झालेल्या अपघाताबद्दल इकडेही ठाम मतं ऐकू येतात. पहिलं म्हणजे ‘पूल पडला’.

तयार पूल पडला नाही. सुमारे १०० फुटांवरून लाँचिंग गर्डर खाली आलं, त्याच्यासोबत काँक्रीटही, आणि २० जण ठार झाले. अशा पुलाचे तुकडे आधी जमिनीवर ओततात. मग खांबांवर टेकलेलं हे अजस्र यंत्र ते एकेक करून वर टांगतं. आतल्या पोलादी तारा ताणून होईपर्यंत गाळ्याला स्वतःचंही वजन पेलत नाही, सगळा भार यंत्रावर आणि त्याच्या टेकूंवर असतो. बांधकाम चालू असतानाच पूल सर्वांत दुबळा असतो, तो असा.

‘सिमेंट खाल्लं असणार’ हा दुसरा शेरा. आपल्याकडचा अनुभव पाहता तो सुचणं साहजिक आहे. पण मेलबर्नचा वेस्ट गेट पूल बघा. दोन अर्ध्या भागांच्या उंचीत साडेचार इंचांचा फरक पडला, तो घालवायला वर प्रत्येकी आठ टनांचे काँक्रीटचे ठोकळे ठेवले. पत्रा फुगला. फुगवटा बसवायला बोल्ट काढू लागले आणि १५ ऑक्टोबर १९७० रोजी तो गाळा कोसळून ३५ कामगार ठार झाले. असा घोळ मालाच्या चाचणीत सापडत नाही.

सरळांबेनंतर कंत्राटदारांवर निष्काळजीपणाने मृत्यू ओढवल्याचा गुन्हा नोंदला गेला. ‘आता जन्मठेप’ म्हणणाऱ्यांनी कलम वाचावं: भारतीय दंडविधानाच्या ३०४-अ खाली जास्तीत जास्त दोन वर्षं. त्याच्या जागी आलेल्या न्यायसंहितेतली पाच वर्षं १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज पैशाचा. राज्याने ५ लाख आणि केंद्राने २ लाख जाहीर केले, ती सानुग्रह मदत होती. हक्काची भरपाई वेगळी. तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात ती मालकाकडून मिळे, मालकाची चूक सिद्ध न करताही. महिना १५,००० पगाराचा २५ वर्षांचा कामगार कामावर मेला, तर हिशोब १६ लाखांवर जाई. पण मालक कोण? ऊसतोडीला जाणाऱ्या बीडकरांना ही साखळी पाठ आहे: कारखाना, मुकादम, टोळी, आणि विचारलं की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. या कायद्याचं १२ वं कलम नेमकं तेच बोट अडवत होतं. उपकंत्राटदाराच्या माणसाची भरपाई मुख्य कंत्राटदाराकडूनही मागता येई, मग त्याने ती खालच्याकडून वसूल करावी.

आणि दाव्यासाठी शहापूरला हेलपाटे घालावे लागत नव्हते. मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत, वारस जिथे राहतात तिथल्या आयुक्तांकडेही तो दाखल करता येई.