इमारत उभी राहिली, मग दारे बंद का?

नव्या इमारतीचा रंग वाळला, फरशी चकाकू लागली, तरी तेथे रुग्णसेवा का सुरू होत नाही, असे अनेक देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक आम्हांस विचारतात. प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या देणगीतून एकेक खोली उभी राहिली त्यांना, आणि खाटेअभावी जुन्या इमारतीच्या व्हरांड्यात ताटकळणाऱ्यांना तर विशेषच, प्रत्येक आठवडा जड जातो. म्हणून या काळात तेथे काय चालते, त्याचा खुलासा करीत आहोत.

या टप्प्यास तंत्रज्ञ ‘कमिशनिंग’ म्हणतात. वीज, पाणी, वातानुकूलन, ऑक्सिजन, अग्निशमन ही कामे निरनिराळे कंत्राटदार करतात. प्रत्येकाचे काम आपल्या जागी चोख असले, तरी ती सर्व एकत्र नीट चालतीलच असे नाही. प्रत्यक्ष वापरासारखी परिस्थिती निर्माण करून मोजमाप घेणे, उणीव दूर करून पुन्हा मोजणे आणि त्याची लेखी नोंद ठेवणे, असे हे काम आहे.

शस्त्रक्रियागृहातील हवाच पाहा. ‘एनएबीएच’च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती तासाला किमान २० वेळा बदलावी लागते, त्यांपैकी किमान ४ वेळा बाहेरची ताजी हवा यावी लागते. आतील दाबही बाहेरच्यापेक्षा किंचित अधिक हवा, म्हणजे दार उघडताच हवा बाहेर जाते, जंतू आत येत नाहीत. यंत्र सुरू आहे व गारवा जाणवतो, एवढ्यावरून यांतील काहीच सिद्ध होत नाही. स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे मुलांचे नवे रुग्णालय बांधून तयार होते. जुलै २०१९ मध्ये रुग्ण हलविण्यास काही दिवसच उरले असता, अतिदक्षता विभागातील हवा तासाला १० ऐवजी ४ वेळाच बदलली जाईल अशी व्यवस्था असल्याचे चाचणीत निष्पन्न झाले. चूक कित्येक वर्षांपूर्वीच्या एका तक्त्यात होती. पुढचे काम त्या तक्त्याबरहुकूम झाले होते. शासनाने स्थलांतर थांबविले. ते रुग्णालय पूर्णपणे सुरू होण्यास मार्च २०२१ उजाडला.

ऑक्सिजनची चाचणी आम्ही सर्वांत कडक मानतो. सिडनीतील एका रुग्णालयात २०१६ साली नवजात बालकांना ऑक्सिजनऐवजी नायट्रस ऑक्साइड दिला गेला. एक बालक दगावले, दुसऱ्याच्या मेंदूस गंभीर इजा झाली. भिंतीवरील तोटीवर ऑक्सिजनचीच खूण होती. आतील नळ्यांची अदलाबदल झाली होती. म्हणून एका वेळी एकाच वायूची नळी दाबाखाली ठेवून इमारतीतील प्रत्येक तोटी उघडून पाहावी लागते, आणि शेवटी तेथून येणारा वायू ऑक्सिजनच आहे, हे विश्लेषक यंत्राने ताडून घ्यावे लागते. दहा तोट्या तपासून उरलेल्या शंभर बरोबर असतील असे येथे गृहीत धरता येत नाही. हे काम कंटाळवाणे आहे खरे.

विजेची परीक्षा म्हणजे मुख्य पुरवठा खरोखर बंद करणे. आमच्या इमारतीत तो बंद करताच जनरेटर वेळेत सुरू झाला, दिवे लागले, सर्वांस समाधान वाटले. मात्र रक्तसाठ्याच्या शीतकपाटाचे सॉकेट जनरेटरच्या जोडणीत नसल्याचे त्याच वेळी दिसून आले. ती जोडणी बदलून चाचणी पुन्हा घेतली. आगीच्या चाचणीत धूरशोधक वाजल्यावर वातानुकूलनाचे पंखे थांबतात का, लिफ्ट तळमजल्यावर येऊन उघडते का, हे पाहतात. पंखे चालूच राहिल्यास ते धूर मजल्यामजल्यांवर पसरवितात. भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात शिशू कक्षास लागलेल्या आगीत १० बालके गेली. तेव्हापासून या चाचणीच्या वेळी विश्वस्तांपैकी एकाने तरी समक्ष हजर राहावे, असा आमचा आग्रह आहे.

उद्घाटनाचा मुहूर्त आधी ठरवून चाचण्या त्यात बसविण्याची प्रथा सर्वत्र आहे. आम्ही तारीख जाहीर केलेली नाही, त्याचे कारण हेच. शिवाय मे महिन्यात समाधानकारक ठरलेले वातानुकूलन पावसाळ्यातील दमटपणात पुन्हा तपासावे लागेल. ती फेरी इमारत सुरू झाल्यानंतर होईल. परिचारिका व तंत्रज्ञ यांचे प्रशिक्षण मात्र रुग्ण येण्यापूर्वीच पूर्ण केले जाईल. चाचण्यांचा खर्च इमारत निधीच्या हिशोबात स्वतंत्र दाखविला असून, चाचण्यांच्या नोंदी देणगीदारांस कार्यालयीन वेळेत पाहता येतील.