न जेवणाऱ्या सापाचा ताळेबंद

साप पाळण्याचा विषय काढला की आपल्याकडे लोक दोन पावले मागे सरतात. पण 'तो साप जेवत नाही हो' असे सांगितले की तेच लोक चार पावले पुढे येऊन सल्ला देऊ लागतात. दूध देऊन पाहा, अंडे फोडून घाला, दृष्ट काढा. न जेवणारे माणूस आणि न जेवणारे जनावर ह्या दोन्हींबद्दल आपल्याला सारखीच कळकळ. परंतु माणसाच्या जेवणाचे नियम सापाला लावले की कळकळीचा उपद्रव कसा होतो, हे मला गेल्या हिवाळ्यात चांगलेच समजले.

माझा मावसभाऊ इंग्लंडात लेस्टर येथे नोकरीस आहे. त्याने 'बॉल पायथन' जातीचा एक नर अजगर पाळला आहे. नोव्हेंबरात ह्या स्वारीने अन्न सोडले, ते सलग अकरा आठवडे. मावशी येथे बेळगावात आमच्याच गल्लीत राहते. दर रविवारी फोनवर ती मुलाच्या आधी सापाची चौकशी करी. दादा बिचारा रडकुंडीस आला होता, कारण जेथून साप घेतला त्या दुकानदाराने त्याला सांगितले होते की आता तोंड उघडून उंदीर आत ढकलावा लागेल. ढकलावा की ढकलू नये, हा प्रश्न होता. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी; सापांशी माझा संबंध शिवारात धामण पाहण्यापुरता. पण दादाने सापाच्या वजनाचे आकडे पाठवले तेव्हा हे प्रकरण आपल्याच विषयातले वाटू लागले. मग प्राणिशास्त्र विभागातल्या मित्रांकडून पुस्तके आणून वाचली.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर आमचे प्राध्यापक मला वनखात्याच्या हवाली करतील. आपल्या देशातला कोणताही रानटी साप पकडून घरी ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींसाठी २०२२ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. तेव्हा साप पाळा असे सांगण्यासाठी हा लेख नाही. साप जेवत का नाही, एवढाच त्याचा विषय आहे.

हा अजगर मूळचा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो व बेनिन ह्या देशांतून त्याचा जगभर व्यापार झाला. अजगराला आपल्या कानडी बांधवांत 'हेब्बावु', म्हणजे मोठा साप म्हणतात. पण हा गृहस्थ त्या नावाला शोभत नाही. पूर्ण वाढला तरी तीन ते पाच फूट. भ्याला की डोके मध्ये घालून स्वतःचा चेंडू करतो, म्हणून 'बॉल'. इंग्लंडात त्यालाच 'रॉयल पायथन' म्हणतात. दिवसा उंदरांच्या बिळांत किंवा वारुळांत पडून राहायचे, अंधार पडला की हालचाल करायची, आणि पुष्कळदा दबा धरून भक्ष्य आपण होऊन जवळ येईपर्यंत वाट पाहायची, असा त्याचा दिनक्रम. बेनिनमधील उइदा गावी ह्या अजगरांचे देऊळच आहे. तेथे भक्त त्यांना घास भरवीत बसत नाहीत. रात्री त्यांना मोकळे सोडतात. ते आपले भक्ष्य शोधतात, आणि एखादा कुणाच्या घरात शिरला तर घरचे लोक आदराने त्याला देवळात आणून पोचवतात. नागाला मान देण्याची ही रीत मला आपल्या रीतीपेक्षा शहाणपणाची वाटते.

आता ताळेबंदाकडे वळू. आपण जे खातो त्याचा फार मोठा भाग नुसते अंग ऊबदार ठेवण्यात खर्च होतो. हा आपला कायमचा खर्च, दुकानाच्या भाड्यासारखा. विक्री होवो न होवो, तो द्यावाच लागतो. म्हणून दोन वेळा जेवण चुकले की आपली अवस्था कठीण होते. सापाचे अंग भोवतालच्या उष्णतेवर तापते. भाडे त्याला जवळजवळ नाहीच. त्यातून तो उपाशी राहू लागला की उरलासुरला खर्चही कापतो. अमेरिकेतील संशोधक मार्शल मॅक्यू ह्यांनी तीन जातींचे साप १६८ दिवसांपर्यंत उपाशी ठेवून मोजमापे घेतली. त्या तिहींत आपला बॉल पायथनही होता. सापांनी शरीराचा मूळ खर्च ७२ टक्क्यांपर्यंत खाली आणलेला आढळला, आणि नवल म्हणजे उपाशीपोटीही त्यांची लांबी वाढली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी सापांची 'मागणी व पुरवठा ह्या दोन्ही बाजूंची आर्थिक धोरणे' असा शब्दप्रयोग केला आहे. प्राणिशास्त्राच्या मित्राने तो कागद माझ्यापुढे टाकला तेव्हा मला झालेला आनंद कॉमर्सच्या विद्यार्थ्यांनाच कळेल.

दुसरा खर्च पचनाचा. आपले पोट म्हणजे बारा महिने उघडे असलेले हॉटेल, तर अजगराचे पोट म्हणजे जत्रेपुरता उभारलेला मांडव. स्टीफन सीकॉर आणि जेरेड डायमंड ह्यांनी १९९० च्या दशकात ब्रह्मदेशी अजगरावर प्रयोग केले. दोन जेवणांच्या मधल्या काळात त्याचे आतडे आकसलेले असते. भक्ष्य गिळले की एकदोन दिवसांत ते दुपटीच्या घरात वाढते. मोठे भक्ष्य असेल तर शरीराचा एकूण खर्च विश्रांतीच्या तुलनेत चाळीस पटींपर्यंत चढतो. हृदयसुद्धा दोनतीन दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी मोठे होते, असे २००५ साली दाखवून देण्यात आले. आता असा विचार करा की जेवण म्हणजे एवढा मांडव घालणे. ज्याला हवा थंड वाटते, ज्याला लपायला जागा सापडत नाही, असा प्राणी मांडव घालीलच कशाला? पुरेशी ऊब नसेल तर भक्ष्य पोटात पचण्याऐवजी सडू लागते, आणि साप ते ओकून टाकतो. तेव्हा न जेवणे हा पुष्कळदा त्याने केलेला चोख हिशेब असतो.

त्यात ऋतूचाही भाग आहे. थंडीत, मिलनाच्या काळात, ह्या जातीचे वाढलेले नर महिनोन्‌महिने अन्नाला शिवत नाहीत. मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसते, तेव्हा तीही सहसा खात नाही.

दादाच्या सापाचे वजन उपवासाच्या आरंभी १४२० ग्रॅम होते. अकरा आठवड्यांनंतर ते १३६५ ग्रॅम भरले. म्हणजे तूट ५५ ग्रॅमची, चार टक्क्यांहूनही कमी. अकरा आठवडे एकही घास नाही आणि भांडवलातून गेले ते एवढे! मावशीला मी हे आकडे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मेल्या, पोटाची भूक काय वजनाच्या काट्यावर मोजतोस?" सापाच्या बाबतीत मात्र तीच मोजायची असते. स्वयंपाकघरातला साधा काटा आणि एक वही पुरे. दर आठवड्याला एकाच दिवशी वजन टिपावे. तूट दहा टक्क्यांकडे झुकू लागली, किंवा साप तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागला, नाकातोंडातून चिकट स्राव आला, शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर मग वाट न पाहता सापांचे ज्ञान असलेल्या पशुवैद्याकडे जावे. लहान पिलांच्या बाबतीत एवढी वाट पाहता येत नाही. त्यांचे भांडवलच तुटपुंजे असते.

आता चोखंदळपणाविषयी. साप जिभेने हवेतील गंधकण गोळा करून टाळूतल्या जेकबसनच्या इंद्रियाकडे पोचवतो. त्याखेरीज ह्या अजगराच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. म्हणजे भक्ष्याला योग्य वास आणि योग्य ऊब असेल तरच त्याच्या लेखी ते अन्न. आपल्याकडचेच साप पाहा ना. दिवड मासे-बेडकांवर राहतो. कवड्याला पाली लागतात. २००३ साली विदर्भात पुन्हा आढळलेला अंडीखाऊ साप पक्ष्यांच्या अंड्यांवर जगतो, आणि ती फोडण्यासाठी त्याच्या गळ्यात मणक्यांचे काटे असतात. सह्याद्रीतल्या नागराजाचे मुख्य अन्न दुसरे साप. कानडीत त्याला 'काळिंग सर्प' म्हणतात, आणि २०२४ साली शास्त्रज्ञांनी त्याची स्वतंत्र जात मानून तिला 'काळिंग' हेच नाव दिले. प्राणिसंग्रहालयांत अशा नागराजाला उंदीर खायला शिकवायचे तर उंदरालाच सापाचा वास चोळतात. माणूस ह्याला हट्ट म्हणेल. सापाचे नाक ओळखीच्या मालाशिवाय दुसरा माल स्वीकारीत नाही, इतकेच.

दादाने मग काय केले? आधी उंदीर बाजूला ठेवून खोका तपासला. त्याचा तापमापक वर छताला लावलेला होता आणि ३२ अंश दाखवीत होता. साप बसतो त्या जमिनीवर मोजले तर २६. पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५ च्या आसपास असावे, म्हणजे साप आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलतो. लपायला एकच ढोली होती, तीही थंड बाजूला. म्हणजे ऊब हवी तर उघड्यावर बसा आणि आडोसा हवा तर गारठा, असा पेच. दोन्ही टोकांना अंगासरशी बसतील अशा ढोल्या ठेवल्या. पेटीची पुढची काच अर्धी झाकली. आणि दर तिसऱ्या दिवशी उंदीर दाखवून त्याला छळणे बंद केले; दोन आठवड्यांतून एकदाच विचारायचे, तेही दिवे मालवल्यावर.

उंदीर जिवंत देऊ नये. घाबरलेला उंदीर चावतो, आणि न जेवणाऱ्या सापाला तर तो रात्रभर कुरतडून भयंकर जखमा करतो. तिकडे गोठवलेले उंदीर मिळतात. ते शीतकपाटात हळूहळू वितळू द्यावे, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवावे, इतके की उंदराचे अंग जिवंत उंदराइतके, ३८ अंशांच्या आसपास, ऊबदार लागेल. डोके विशेष ऊबदार हवे, कारण साप तेच आधी शोधतो. जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाइतकी, त्याहून जास्त नको. लांब चिमट्याने धरून ढोलीच्या तोंडाशी जरा हलवावा. नाही घेतला तर रात्रभर तेथेच ठेवून सकाळी टाकून द्यावा. मोठा उंदीर नको असेल तर लहान जातीचा, किंवा कोंबडीच्या पिलाचा वास चोळलेला, हे उपाय शेवटी. तोंड उघडून ढकलणे मात्र नाहीच. त्याने दात मोडतात, अन्ननलिकेला इजा होते आणि एवढे करून साप ते ओकून टाकतो. तो निर्णय पशुवैद्याचा. फेब्रुवारीच्या मध्यावर एका रात्री दादाच्या सापाने मुकाट्याने उंदीर घेतला. मावशीने येथे साखर वाटली.

दुधाबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख बेळगावात कोणी पुरा मानणार नाही. दूध हे सापाचे अन्न नव्हे आणि ते त्याला धड पचतही नाही. नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पितो ते आवडीने नव्हे; कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला प्राणी समोर येईल ते ओले पितो. पाळलेल्या सापापुढे स्वच्छ पाण्याचे पसरट भांडे नेहमी असावे. अन्नाविना तो महिने काढील, पाण्याविना नाही.

हाताळण्याचे थोडक्यात सांगतो. जो साप जेवत नाही त्याला वजनापुरतेच उचलावे. जेवल्यावर निदान दोन दिवस हात लावू नये. कातीच्या आधी डोळे निळसर-धुरकट होतात, त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, तेव्हाही नको. एरवी उचलायचे तर आधी हात धुवावे, कारण हाताला उंदराचा वास असला तर तो हातालाच उंदीर समजेल. वरून झडप घालू नये. त्याचे शत्रू वरून येतात. बाजूने, मधल्या भागाखाली हात सरकवून सबंध अंगाला आधार द्यावा, आणि डोके मोकळे सोडावे. दहापंधरा मिनिटे पुष्कळ झाली. खाली ठेवल्यावर साबणाने पुन्हा हात धुवावे, कारण सापांच्या अंगावर साल्मोनेला जातीचे जंतू असू शकतात. पाहुण्यांच्या हातात दिल्यावर त्याने डोके आत घेऊन चेंडू केला की पाहुणे म्हणतात, "बघा कसा शांत झोपला." तो झोपलेला नसतो, भ्यालेला असतो. अशा वेळी त्याला तसाच ढोलीजवळ ठेवून झाकण लावावे आणि पाहुण्यांना चहा द्यावा.