उरांतील पू आणि पाण्यांतील नळी

आपलीं फुप्फुसें फुगलेलीं राहतात, तीं स्वतःच्या बळानें नव्हे. फुप्फुस व बरगड्या यांच्यामधील पोकळींत दाब बाहेरच्या हवेपेक्षां किंचित् कमी असतो. म्हणून तेथें छिद्र पडतांच हवा आंत शिरते आणि फुप्फुस मिटतें. याच भयानें पूर्वीचे शस्त्रवैद्य छातीस हात लावण्यास कचरत.

परंतु न्यूमोनियानंतर कधीं कधीं त्या पोकळींत पू सांचतो व तो काढावाच लागतो. १९१८ सालीं अमेरिकेच्या सैनिकी छावण्यांत हा विकार फैलावला, तेव्हां जुन्या शिरस्त्याप्रमाणें छाती तात्काळ उघडून पुवास वाट करून देण्यांत आली. शेंकडा सुमारें तीस रोगी दगावले! एव्हर्ट्‌स ग्रॅहॅम प्रभृति डॉक्टरांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून कारण शोधिलें. आरंभीं पू पातळ असतो आणि फुप्फुस भोंवतीं चिकटलेलें नसतें. दोन फुप्फुसांमधील पडदाहि सैल असतो. त्यामुळें एका बाजूस पाडलेल्या छिद्राचा भार दोन्ही फुप्फुसांवर पडतो, आणि आधींच धापा टाकणारा रोगी गुदमरतो.

उपाय अगदीं साधा निघाला. पू घट्ट होईपर्यंत छाती उघडूं नये. तोंवर तो सुईनें ओढावा, किंवा बरगड्यांमधून घातलेल्या नळीचें दुसरें टोंक खालीं ठेवलेल्या बाटलींतील पाण्यांत बुडवावें. श्वास सोडतांना पू बाहेर पडतो; श्वास घेतांना पाणी नळींत थोडें वर चढतें, हवा मात्र शिरूं शकत नाहीं. (ती बाटली छातीइतकी उंच उचलणें घातक, हें रोग्यास भेटावयास जाणारांनींहि जाणावें.) मृत्यूंचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. पुढें पेनिसिलीनसारखीं औषधें आलीं, तरी खाटेशेजारची ती बाटली आजहि रुग्णालयांत दिसते.