जुन्या ट्रॅक्टरचा सुस्कारा

उन्हाळ्यात पाण्याची टाकी ओढायची, कडबा-कुट्टीचे यंत्र फिरवायचे, घरामागच्या संत्र्याच्या चार ओळींत वखर मारायचा, एवढ्याच कामांसाठी आम्हाला ट्रॅक्टर हवा होता. नवा परवडणारा नव्हता. रिसोडजवळच्या एका गावात दोन हंगामांपासून उभा असलेला आयशरचा जुना, एका सिलिंडरचा, पंचवीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर भंगाराच्या भावापेक्षा थोड्या जास्त किमतीत मिळाला. पाटीवरचा क्रमांक एमएच ३०, म्हणजे अकोल्याचा. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला आणि त्याला ३७ क्रमांक मिळाला. आमचा ट्रॅक्टर त्याच्या आधीचा.

पैसे देण्यापूर्वी कागद पाहिले. आर.सी. बुकातला चेसिस क्रमांक लोखंडावरच्या क्रमांकाशी जुळतो का, बँकेचा बोजा उतरला आहे का आणि पंधरा वर्षांनंतरचे नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, हे पाहिल्याशिवाय जुने वाहन घेऊ नये.

घरी आणल्यावर तो सुरूच होईना. नवी बॅटरी लावली, स्टार्टर जोरात फिरला, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला आणि बस. मिस्त्री आले. म्हणाले, "सर, इंजिन खोलाच लागते. पिस्टन, लायनर, समदं बदला." तो खर्च ट्रॅक्टरच्या किमतीच्या जवळपास जात होता. आम्ही एक दिवसाची मुदत मागून घेतली.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा दाबतो, दाबलेली हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेटतो. सायकलचा पंप भराभर मारताना त्याचे तोंड तापते, हे वर्गात सहज दाखवता येईल. ३०० केल्विन तापमानाची हवा एक-सोळांश आकारमानात कोंबली आणि उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर गणिताने सुमारे ९०० केल्विन येतात, म्हणजे सहाशे अंश सेल्सिअसच्याही वर. प्रत्यक्षात भिंती उष्णता खातात, फटींतून हवा निसटते आणि तापमान उतरते. पांढरा धूर म्हणजे न पेटलेल्या डिझेलचे धुके. तेव्हा डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत होते, कमी पडत होती ती उष्णता. दाब कुठून तरी गळत होता, इथवर मिस्त्रींचे निदान बरोबरच होते. प्रश्न एवढाच होता की, कुठून?

गळणाऱ्या हवेला मुख्य वाटा तीन. दट्ट्याच्या रिंगा झिजल्या असतील तर हवा खाली तेलाच्या पेटीत जाईल, आत घेणारी झडप गळत असेल तर हवागाळणीत येईल, आणि बाहेर टाकणारी गळत असेल तर सायलेन्सरमध्ये. आम्ही डिझेल बंद केले (हे विसरू नये, इंजिन चालू झाले तर ट्रॅक्टर अंगावर येईल), वरचा गिअर टाकला आणि चौघांनी सपाट अंगणात ट्रॅक्टर हळूच ढकलला. दाबाचा फेरा आला की चाके अडत. तसेच दाबून धरले आणि एकाने तिन्ही ठिकाणी आळीपाळीने कान लावला. तेल भरण्याच्या तोंडाशी शांतता. हवागाळणीशीही शांतता. सायलेन्सरपाशी मात्र लांब, स्पष्ट सुस्कारा.

दुसऱ्या दिवशी फक्त हेड उतरवले. बाहेर टाकणाऱ्या झडपेच्या कडेला नखाएवढी जळकी खाच होती.

ती का जळली, हे अधिक महत्त्वाचे, नाहीतर नवी झडपही तशीच गेली असती. हे इंजिन हवेने थंड होते. एक लिटर पाणी जेवढी उष्णता नेते तेवढीच, तितक्याच तापमानवाढीत, न्यायला सुमारे साडेतीन हजार लिटर हवा लागते. म्हणून सिलिंडरला बाहेरून धातूच्या पातळ चकत्या असतात. मिस्त्री त्यांना फिन म्हणतात. हवेला भिडणारे क्षेत्रफळ त्यांनी वाढते आणि पंखा त्यांच्यामधून वारा खेळवतो. आमच्या ट्रॅक्टरच्या चकत्यांमध्ये तेल आणि सोयाबीनचा भुसा यांचा लगदा वाळून विटेसारखा झाला होता. मळणीयंत्राला जोडलेला ट्रॅक्टर तासन्‌तास एका जागी उभा राहून भुशातच श्वास घेतो. यात इंजिनाच्या रचनेचा दोष नाही, ते साफ कोणी केले नव्हते.

बाहेरच्या झडपेवरून जळते वायू जातात. तिची उष्णता उतरते ती मुख्यतः बंद असताना बैठकीला टेकल्यावर. झडपेची दांडी तापून लांबते, म्हणून टॅपेटमध्ये मिलिमीटरच्या अंशाएवढी फट ठेवतात. आमच्याकडे ती फट उरलीच नव्हती. त्यामुळे तापलेली झडप पुरती बसत नसे, न बसल्याने आणखी तापे, आणि शेवटी जळाली.

नवी झडप पेस्ट लावून बैठकीवर घासली. हेड उलटे ठेवून झडपांवर रॉकेल ओतले. सकाळपर्यंत एक थेंब खाली झिरपला नाही. टॅपेटची फट ठरवून दिल्याप्रमाणे ठेवली, चकत्या लाकडी काडीने आणि ब्रशने मोकळ्या केल्या. मिस्त्रींनी स्टार्टर मारला आणि दुसऱ्याच फेऱ्याला इंजिन धडधडले. "रिंगा चांगल्या निघाल्या," ते म्हणाले, आणि मजुरी कमी घेतली.

आता मळणीच्या दिवसांत रोज संध्याकाळी, इंजिन निवल्यावर, चकत्या झाडतो. कुट्टी आणि वखर सुरू आहेत. ब्रेकचे काम मात्र बाकी आहे, म्हणून पाण्याची टाकी अजून जोडलेली नाही.